ट्रॅकवर इंजिन थंड ठेवायचं तर नाशिकमधूनच काय करून निघायचं

नाशिकमध्ये मोठं डांबरी सर्किट नाही. इथल्या ट्रॅकवेड्यांची मोटारसायकल टेम्पोत चढते आणि हजार किलोमीटरांहून जास्त प्रवास करून कोईम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेला, चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटला किंवा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटला उतरते. तिथे दुसऱ्याच सेशनला पाणी उकळलं, की हाताशी ना पुरती हत्यारं असतात ना ओळखीचा मिस्त्री. म्हणून कूलिंगचं काम निघण्याआधी आठ-दहा दिवस घरच्या शेडमध्ये उरकायचं.

आणि त्यात क्रम पाळायचा. गाडी तापते म्हटलं की पहिला फोन जातो मोठ्या रेडिएटरसाठी. तो सगळ्यात शेवटी करायचा. २०० ते ४०० सीसीच्या, फारसं काम न केलेल्या इंजिनाला कंपनीचा धडधाकट रेडिएटर ट्रॅकवरही पुरतो. पुरत नसेल तर बहुधा हवा कुठेतरी अडलेली असते, पाण्यात हवेचा बुडबुडा असतो, रेडिएटरचं झाकण दमलेलं असतं किंवा मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, झालेलं असतं. ही चारही दुखणी तशीच ठेवून मोठा रेडिएटर लावला, तर पैसे जातात आणि काटा जिथल्या तिथे राहतो.

आधी आकडा, मग उपाय

पेट्रोलच्या ऊर्जेचे ढोबळमानाने तीन वाटे होतात: एक चाकाला, एक सायलेन्सरमधून बाहेर, एक कूलिंगला. ३० किलोवॅट म्हणजे साधारण ४० हॉर्सपॉवरची गाडी पूर्ण थ्रॉटलवर असताना तेवढीच उष्णता पाण्यात आणि तेलात सोडत असते. घरच्या ३ किलोवॅटच्या गिझरसारखे दहा गिझर एकदम चालू, आणि ती उष्णता वाहून न्यायला सिस्टिममध्ये पाणी जेमतेम एक-दीड लिटर. रस्त्यावर पूर्ण थ्रॉटल काही सेकंद लागतो. ट्रॅकवर फेरीतला बराच वेळ तो उघडाच असतो.

रेडिएटर किती उष्णता टाकतो, हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी ९० अंश आणि हवा २५ अंश असेल तर फरक ६५ चा. एप्रिल-मेमध्ये हवा ४० वर गेली की तोच फरक ५० चा, म्हणजे तोच रेडिएटर जवळजवळ चौथ्या हिश्श्याने कमी काम करतो. डिसेंबरात गंगापूर रोडला फिरवून बघितलेली गाडी उन्हाळ्यातल्या ट्रॅक-डेला वेगळी वागते ती यामुळे.

वॉटर-कूल्ड गाडीसाठी ट्रॅकवर ७५ ते ९५ अंश हा सुखाचा पट्टा धरा. १०५ च्या पुढे ताकद कमी होत असल्याचं जाणवू लागतं. इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इग्निशन मागे घेतो (ठिणगी उशिरा देतो), गाडी जड वाटते आणि चालवणारा क्लच किंवा टायरला दोष देत बसतो. ११५ दिसलं तर हात वर करून पिटमध्ये या. उलट बाजूने, ६० अंशांवर रेस करणंही चुकीचं. तेल पुरतं तापत नाही, न जळलेलं पेट्रोल रिंगमधून तेलात उतरतं आणि झीज वाढते.

डॅशवर नुसत्या कांड्या दिसत असतील तर वेगळा डिजिटल मीटर लावा. सेन्सर हेडमधून रेडिएटरकडे जाणाऱ्या गरम नळीत बसवायचा, परत येणाऱ्या नळीत नाही. नळी कापून मध्ये ॲल्युमिनियमचा ॲडॅप्टर टाकतात, त्यात सेन्सर जातो. इथे हमखास होणारी चूक म्हणजे एक वायरवाला सेन्सर लावून ॲडॅप्टरला अर्थिंग न देणं. दोन्ही बाजूंनी रबर असल्यामुळे ॲडॅप्टर फ्रेमपासून तुटलेला असतो, आणि मीटर वाट्टेल तो आकडा दाखवतो. ॲडॅप्टरच्या स्क्रूवरून एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला आणली की आकडा स्थिर होतो.

हवा

गाडी रोज पिंपळगाव-लासलगावकडे जात असेल तर फेअरिंग, म्हणजे पुढचं बाहेरचं आवरण, काढून रेडिएटर बघाच. त्याच्या पाकळ्यांत, म्हणजे हवेला उष्णता देणाऱ्या पातळ पत्र्यांत (फिन्स), कांद्याच्या सालीचे पापुद्रे, किडे आणि द्राक्षबागांतल्या फवाऱ्याची धुळीत कालवलेली पुटं बसलेली असतात. वरून रेडिएटर काळा आणि स्वच्छ दिसतो. मागून टॉर्च लावून पुढून पाहिलं की कळतं किती जागी उजेडच येत नाही.

धुताना पाणी मागून पुढे मारायचं, म्हणजे कचरा आला त्या वाटेने बाहेर जातो. नळाचं साधं पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा फेस, दहा मिनिटं भिजवून मऊ ब्रश पाकळ्यांच्या दिशेने. वॉशिंग सेंटरची प्रेशर गन जवळून लावू नका. पाकळ्या कागदाइतक्या पातळ असतात, एका फटक्यात झोपतात, आणि झोपलेली पाकळी म्हणजे बंद खिडकी. वाकलेल्या पाकळ्या बारीक चिमट्याने किंवा प्लॅस्टिकच्या जुन्या कार्डाच्या कोपऱ्याने एकेक सरळ करा. तास-दीड तासाचं कंटाळवाणं काम आहे, पण यात फुकटात जेवढे अंश मिळतात तेवढे विकतच्या एखाद्याच वस्तूत मिळतील.

दगड लागू नये म्हणून जाळी हवी. पण मच्छरदाणीसारखी बारीक जाळी हवाच अडवते. साधारण ५-६ मिमी भोकांची ॲल्युमिनियमची जाळी घ्या आणि रेडिएटरपासून बोटभर पुढे बसवा, चिकटवून नको.

यापुढचा भाग बहुतेक जण सोडून देतात. हवा नेहमी सोपी वाट धरते. रेडिएटरच्या दोन्ही कडा आणि फेअरिंग यांच्यात बोट जाईल एवढी फट असली, की समोरून आलेली हवा पाकळ्यांतून घुसण्याऐवजी फटीतून निसटते. तो भाग जाड फोमच्या पट्ट्यांनी किंवा १ मिमी ॲल्युमिनियमच्या पत्र्याने बंद करा. अंबड-सातपूर एमआयडीसीत पत्रा कापून वाकवून देणाऱ्या वर्कशॉपांची वाण नाही; आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून न्या. तेवढंच महत्त्वाचं म्हणजे मागची वाट. रेडिएटरमागे वायरिंगचा गठ्ठा, ओव्हरफ्लोची बाटली, हॉर्न कोंबलेले असतील तर गरम हवा बाहेर पडणार कुठून? ट्रॅकच्या गाडीला हॉर्नचं काय काम, काढून टाका. रेससाठी फायबरची फेअरिंग बसवली असेल तर मूळ फेअरिंगमधले गरम हवेचे झरोके तिच्यात आहेत का बघा. स्वस्त फेअरिंगमध्ये ते नुसते उठावदार असतात, आरपार कापलेले नसतात.

पाणी

हिरवं-निळं कूलंट म्हणजे पाणी अधिक ग्लायकॉल. ग्लायकॉल ट्रॅकवर सांडलं की वाळत नाही, तेलासारखा थर धरतं आणि मागच्या चार गाड्या पडतात. म्हणून रेसमध्ये आणि बऱ्याच ट्रॅक-डेंना ग्लायकॉलला मनाई असते. नवशिक्यांच्या ट्रॅक स्कूलमध्ये कधीकधी चालवून घेतात, तेव्हा बुकिंग करतानाच विचारा. बंदी नसती तरी पाणीच भरावं. निम्म्या-निम्म्या मिश्रणापेक्षा तेवढंच साधं पाणी दहा-बारा टक्के जास्त उष्णता उचलतं.

पाणी डिस्टिल्ड हवं, बॅटरीच्या दुकानात पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळतं ते. बोअरचं पाणी नको. आपल्याकडच्या काळ्या खडकातून आलेल्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच हेडच्या आतल्या अरुंद वाटांत बसतो, आणि तिथे ब्रश पोचत नाही. आरओचं पाणी बोअरपेक्षा बरं, पण त्यातही क्षार उरतात. पाण्यात मोटूलचं मोकूल किंवा रेड लाइनचं वॉटर वेटर यांसारखं ॲडिटिव्ह बाटलीवर लिहिलेल्या मापाने घाला. ते पाण्याचा पृष्ठताण कमी करतं, त्यामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आजूबाजूच्या तापलेल्या धातूवर वाफेचे बुडबुडे चिकटून राहत नाहीत. शिवाय थोडं गंजरोधकही देतं. दुप्पट घातल्याने दुप्पट थंड होत नाही, फेस मात्र होतो.

बदलायची पद्धत अशी. इंजिन पूर्ण गार असताना पंपाखालचा ड्रेन बोल्ट काढा, झाकण उघडा, जुनं कूलंट भांड्यात घ्या. ते चवीला गोड आणि विषारी असतं. कुत्र्या-मांजरांपासून लांब ठेवा, गटारात ओतू नका. सिस्टिम डिस्टिल्ड पाण्याने भरा, थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप) उघडेपर्यंत चालवा, गार करा, काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत असं दोन-तीनदा. पाच लिटरचा एक कॅन यातच संपतो, म्हणून दोन आणा. ओव्हरफ्लोची बाटली विसरू नका. त्यात राहिलेलं ग्लायकॉल पहिल्याच गरम-गार चक्रात परत आत ओढलं जातं आणि स्क्रुटिनीला, म्हणजे ट्रॅकवरच्या तपासणीला, बोटावर चिकट लागतं. ड्रेन बोल्टचा तांब्याचा वॉशर नवा टाका.

भरताना हवा काढणं हे खरं कौशल्य. बारीक धार धरून सावकाश भरा. साइड स्टँडवर गाडी डावीकडे झुकते, म्हणून झाकण उजवीकडे असेल तर ते आपोआप उंच राहतं. डावीकडे असेल तर गाडी सरळ करून थोडी उजवीकडे कलवा. पुढचं चाक विटेवर किंवा फळीवर चढवलं तर आणखी बरं. खालची-वरची नळी हाताने दाबत राहा, गुळगुळ आवाज करत बुडबुडे वर येतात. झाकण उघडं ठेवून इंजिन आयडलला चालू करा, पातळी खाली गेली की भर घाला. थर्मोस्टॅट उघडताना पातळी अचानक उतरते, ते अपेक्षितच आहे. दोन-चारदा हलका थ्रॉटल द्या, बुडबुडे थांबले की झाकण लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर पुन्हा पातळी बघा. बहुतेकदा शंभर-दीडशे मिली तरी आणखी मावतं.

बुडबुडे थांबतच नसतील, आणि थ्रॉटल दिल्यावर वाढत असतील, तर ती राहिलेली हवा नाही. हेड गॅसकेटमधून सिलिंडरचा वायू पाण्यात येतोय. अशी गाडी ट्रॅकवर नेऊ नका.

झाकण, थर्मोस्टॅट, पंखा

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, इथे उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. रेडिएटरचं झाकण दाब धरून ठेवतं म्हणून ते पुढे सरकतं. १.१ बारचं झाकण ठीक असेल तर पाणी १२० च्या आसपास उकळेल. स्प्रिंग दमून तेच झाकण ०.५ बारला सुटू लागलं तर ११० च्या आसपासच. मुदलात साध्या पाण्याला ग्लायकॉलसारखी उकळबिंदू वाढवण्याची सवलत नाही, त्यामुळे पाणी भरलेल्या गाडीत झाकणाचं महत्त्व वाढतं. रबर कडक किंवा चिरलेलं दिसलं की कंपनीचं नवं घ्या. मधली छोटी झडप नखाने ओढून बघा: उघडून परत बसली पाहिजे. ती अडकली तर बाटलीत गेलेलं पाणी गार झाल्यावर परत येत नाही, आणि गार इंजिनावर वरची नळी आत चिपकलेली दिसते. जास्त बारचं झाकण लावून खेळ करू नका. नळ्या आणि पंपाचं सील तेवढ्यासाठी बनवलेले नसतात.

थर्मोस्टॅट काढून टाकला की गाडी थंड राहते, हा गॅरेजमधला जुना समज. ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो, तिथे तो काढला की गरम पाणी रेडिएटरला न जाता शॉर्टकटने फिरत राहतं आणि गाडी उलट जास्त तापते. बाकीच्यांत इंजिन वेळेवर गरम होत नाही. थर्मोस्टॅट चालतो का हे पातेल्यात थर्मामीटर ठेवून पाणी तापवून बघा. त्यावर छापलेल्या अंशांच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे.

ट्रॅकवर वेगात असताना पंख्याची गरज नाही. पिटलेनमध्ये आणि ग्रिडवर आहे. वजन वाचवायला पंखा काढतात, ते रेसवाल्यांना शोभतं, ट्रॅक-डेला ठेवा. वायरिंग उकललं असेल तर पंखा उलटा तर फिरत नाही ना, हे आवर्जून बघा. पंखा चालू असताना रेडिएटरच्या पुढच्या बाजूला कागदाचा कपटा धरा. तो जाळीला चिकटला पाहिजे. उडून अंगावर आला तर दोन वायरींची अदलाबदल झालीय. असा पंखा समोरून येणाऱ्या हवेशीच भांडतो.

नाशिकचं ट्यूनिंग आणि चेन्नईची हवा

हा मुद्दा कार्ब्युरेटरवाल्यांसाठी, आणि आपल्याकडे अजून जुन्या कार्ब गाड्या ट्रॅकला नेणारे बरेच आहेत. नाशिकच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सहा-सात टक्के कमी असतो. इथे प्लगचा रंग बघून अगदी बरोबर जेट (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारं भोक) बसवला, तरी चेन्नईच्या दाट हवेत तोच जेट तीन-चार टक्के लीन पडतो. लीन मिश्रण जास्त गरम जळतं, वर तिथे लांब सरळ पट्ट्यावर थ्रॉटल पूर्ण उघडा असतो. पिस्टन जाम होतो तो नेमका तिथे. त्यात पंपावर मिळणारं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला १३.५ च्या आसपास. जेट बदलला नाही तर तेवढं आणखी लीन. म्हणून चेन्नईला जाताना मेन जेट एक नंबर मोठा बसवा आणि त्याहून एक मोठा खिशात ठेवा. करी साधारण ४०० मीटर उंचीवर आहे, तिथे फरक कमी पडतो. जरा रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेली, गाडी अर्धा सेकंद हळू जाईल, पण घरी परत येईल.

इंजेक्शनच्या गाड्या उंचीचा हिशेब स्वतः करतात. पण फ्री-फ्लो सायलेन्सर आणि मोकळा एअर फिल्टर लावून मॅप तसाच ठेवला, तर त्याही लीन होतात: पूर्ण थ्रॉटलवर ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकत नाही, ठरलेल्या तक्त्यानेच पेट्रोल देतो.

प्लग वाचायला शिका. सरळ पट्ट्याच्या शेवटी पूर्ण थ्रॉटलवर असताना किल स्विच आणि क्लच एकदम, आणि तसंच घरंगळत पिटमध्ये. हे पिटच्या वाटेजवळच, मागे कोणी नाही याची खात्री करून आणि मार्शलना आधी सांगून. पोर्सिलेन फिक्या विटकरी रंगाचं आलं तर ठीक. पांढरंफटक आलं तर लीन. त्यावर मिरपूड टाकल्यासारखे काळे-चंदेरी ठिपके दिसले तर नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचा अवेळी स्फोट, सुरू झालंय, पिस्टनचं ॲल्युमिनियम उडतंय. तिथे थांबा, जेट मोठा करा किंवा इग्निशन मागे घ्या. ट्रॅकसाठी प्लग एक पायरी थंड घेता येतो. एनजीकेमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, आठच्या जागी नऊ. बॉशमध्ये नेमकं उलट.

तेल, आणि एअर-कूल्ड गाड्या

तेल हे दुसरं कूलंट आहे. पिस्टनच्या पोटाला आणि क्रँकला पाणी शिवतच नाही. कंपनीने परवानगी दिलेल्यांपैकी जाड बाजूचा फुली सिंथेटिक ग्रेड घ्या, जसं १०डब्ल्यू-४० आणि १५डब्ल्यू-५० दोन्ही चालत असतील तर उन्हाळ्यात दुसरा. डब्यावर जासो एमए२ (तेलात बुडालेल्या क्लचच्या मोटारसायकलींसाठीचं मानक) हवं. कारचं तेल ओतलं तर क्लच घसरतो, आणि घसरणारा क्लच स्वतःच भट्टी होतो. पातळी काचेत वरच्या रेघेला टेकेल इतपत, वर नको. जादा तेल क्रँक घुसळून फेसाळतं, फेस उष्णता वाहत नाही आणि ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाची वाफ सोडणाऱ्या नळीतून, एअर बॉक्समध्ये चढतं. ट्रॅकच्या प्रत्येक वीकेंडनंतर तेल बदला, ते काळं दिसो वा न दिसो.

पल्सर २२० किंवा अपाची आरटीआर २०० सारख्या ऑइल कूलरच्या गाड्यांत वर सांगितलेली सगळी साफसफाई त्या छोट्या कूलरला लागू. निव्वळ एअर-कूल्ड गाडीत क्रॅश गार्ड, साडी गार्ड, चिखलाचे थर, जे जे पाकळ्यांसमोर आहे ते काढा. पाकळ्यांवर जाड पावडर कोटिंग किंवा क्रोम नको, पातळ काळा रंग चालतो. प्लगखाली वॉशरसारखा बसणारा सेन्सर मिळतो. त्याचा आकडा १५० ते २०० च्या दरम्यान खेळला तर काळजी नको, २०० ओलांडून चढतच राहिला तर दोन फेऱ्या हळू मारा. अशा गाडीला ग्रिडवर आयडलला उभं ठेवणं हाच मोठा छळ. बंद करता येत असेल तिथे बंद करा.

वेगळा ऑइल कूलर बसवायचाच असेल तर नळ्या ब्रेडेड घ्या आणि जोड कुठे फ्रेमला घासत नाहीत ना बघा. टेप गुंडाळलेला पेट्रोलचा पाइप लावून केलेलं काम सुटतं ते थेट मागच्या टायरवर.

स्क्रुटिनीला अडू नये म्हणून

ड्रेन बोल्ट, तेलाची टोपी, फिल्टर यांना ०.८ मिमी स्टेनलेस तारेने लॉकवायर करा, तार घट्ट होण्याच्या दिशेने ओढणारी. रेडिएटरचं झाकणही बांधा. ओव्हरफ्लोची नळी आणि ब्रीदर बाटलीत संपले पाहिजेत, जमिनीवर नाही. रेसला इंजिनाखाली बंद बेली पॅन (सांडलेलं तेल-पाणी झेलणारं तबक) लागतो. आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाच्या सुपरबाइक नियमांत तो इंजिनातल्या एकूण तेल-पाण्याच्या निदान निम्मा भाग झेलेल एवढा सांगितलाय, आणि त्याची भोकं कोरड्या ट्रॅकवर बुचाने बंद. पण पुढून पूर्ण बंद पॅन लावला की रेडिएटरमागची हवा कोंडते. पॅनची मागची कड मोकळी ठेवून हा हिशेब जुळवा.

ट्रॅकवर

पहिल्या दोन फेऱ्या तापवायच्या. मग चौथ्या-पाचव्या फेरीपर्यंत आकडा एका जागी स्थिरावला पाहिजे. सरळ पट्ट्यावर उतरतो, मंद वळणांवर चढतो, हे नेहमीचं. करीसारख्या दोन किलोमीटरच्या आवळलेल्या ट्रॅकवर हा चढउतार जोरात होतो. प्रत्येक फेरीला दोन-तीन अंश चढतच राहिला तर हवा किंवा मिश्रण. सरळ पट्ट्यावर वेगात असताना चढला तर पंप, झाकण किंवा लीन. एका फेरीत एकदम दहा-पंधरा अंशांची उडी म्हणजे पाणी गेलं. लगेच थ्रॉटल सोडा, रेसिंग लाइन सोडून कडेने चला.

कोणाच्या मागे चिकटून पट्टा कापत असाल तर तुमच्या रेडिएटरला त्याच्या सायलेन्सरची गरम, ढवळलेली हवा मिळते. अर्ध्या गाडीइतकं बाजूला सरका, दोन फेऱ्यांत फरक दिसेल. शेवटची फेरी एक गियर वर ठेवून, कमी आरपीएमवर मारा, वेग मात्र ठेवा म्हणजे हवा लागत राहते. पिटमध्ये आल्यावर पंखा चालू असेल तर अर्धा मिनिट आयडल, मग बंद. बंद केल्यावरही आकडा आठ-दहा अंश वर जातो, कारण पाणी थांबलं तरी हेड अजून उष्णता सोडत असतं. घाबरून रेडिएटरवर थंड पाणी ओतू नका. टेम्पोत टेबल फॅन आणि एक्स्टेन्शन बोर्ड टाकून न्या, तो समोर लावा.

झाकण मात्र इंजिन हाताला कोमट लागेपर्यंत उघडायचं नाही, निदान अर्धा-पाऊण तास. शंभरच्या वरचं पाणी दाब सुटताच वाफ होऊन तोंडावर येतं.

तापल्याचं कारण पिटमध्ये शोधायचं तर इन्फ्रारेड गन पुरते. चकचकीत ॲल्युमिनियमवर ती खोटा, कमी आकडा दाखवते, म्हणून रेडिएटरच्या दोन्ही टाक्यांवर काळ्या टेपचा तुकडा घरूनच चिकटवून आणा. इंजिन आणि पंखा चालू ठेवून पाणी येतं ती बाजू आणि जातं ती बाजू मोजा. पाच-दहा अंशांचा फरक साधारण बरोबर. दोन्ही बाजू सारख्याच उकळत्या असतील तर पाणी फिरतंय पण हवा जात नाही: पाकळ्या, पंखा, फटी बघा. एक बाजू तापलेली आणि दुसरी गारच असेल तर पाणी फिरत नाही: थर्मोस्टॅट अडकलाय, हवा कोंडलीय किंवा पंपाचा पंखा शाफ्टवर घसरतोय. मधे कुठे गार पट्टा लागला तर तेवढ्या नळ्या आतून बंद. पंपाखालच्या बारीक भोकातून थेंब गळत असेल तर सील गेलं. भोक एम-सीलने बुजवलं, तर तेच पाणी तेलात जातं.

कच्च्या ट्रॅकवर, म्हणजे आपल्याकडच्या सुपरक्रॉस-रॅलीच्या मातीत, गणित वेगळं. वेग कमी, क्लच सतत घसरता, आणि चिखल पाकळ्यांवर लिंपला जातो. तिथे पंखा हवाच आणि दोन शर्यतींच्या मध्ये मागून पाण्याची धार.

रेडिएटर फुटलाच तर हायवेवर ट्रकचे पितळी रेडिएटर झाळणाऱ्याकडे नेऊ नका, गाडीचा पातळ ॲल्युमिनियम त्या ज्योतीत वितळतो. टिग वेल्डिंगवाला लागतो, आणि तोही फक्त टाकीची शिवण जोडू शकतो. मधली नळी फुटली असेल तर रेडिएटर नवाच.

घरी आल्यावर साधं पाणी आठवड्याहून जास्त आत ठेवू नका. निफाडकडे थंडीत पारा दोन-तीन अंशांवर येतो तरी गोठण्याची भीती नाशिकमध्ये फारशी नाही, भीती गंजाची. ॲल्युमिनियमचं हेड, लोखंडी स्लीव्ह आणि मध्ये गंजरोधक नसलेलं पाणी म्हणजे पंपाच्या पात्यांवर पांढरी पूड. पाणी काढा, तयार मिश्रणाचं कूलंट त्याच पद्धतीने हवा काढत भरा, नळ्यांच्या क्लिपा एकदा गार इंजिनावर आवळा, आणि काढलेल्या पाण्यात तेलाचा तवंग किंवा तपकिरी गाळ दिसतो का ते पांढऱ्या बादलीत ओतून बघा. तवंग दिसला तर पुढच्या ट्रॅक-डेचं बुकिंग करण्याआधी हेड उघडा.